प्रश्न विचारायला जागा हवी

(बेलापूर येथे झालेल्या हितचिंतकांच्या सभेत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



सचिवांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषयही त्यांनीच दिला आहे, ‘ऑनलाइन अभ्यास आणि आपली आदिवासी मुलं’. गेल्या सभेत सूचना आली होती, की जमलेल्या निधीतून मुलांना टॅब घेऊन द्यावेत. सूचना चांगल्या मनानं आलेली आहे. पण पैसे खर्च व्हायच्या आधी आपल्या हॉलमध्ये बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी काय चालतं ते तुम्ही ऐकून घ्यावं, एवढीच विनंती घेऊन मी उभी आहे.

नवीन मंडळींसाठी थोडी ओळख करून देते. अभ्यासगटात सध्या चौदा मुलंमुली आहेत. पनवेल-खारघरच्या वसतिगृहांत राहतात, हार्बरच्या गाडीनं बेलापूरला उतरतात आणि चालत येतात. गावं म्हणाल तर कर्जत, खालापूर, पेण आणि पनवेल तालुक्यांतल्या वाड्या. दोघी डहाणूकडच्या वारली आहेत, बाकीचे ठाकर आणि कातकरी. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी, हे तुम्हाला ठाऊक असेल. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकारनं विशेष दुर्बल मानलं आहे त्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातली कातकरी जमात आपल्या दारात आहे. दिवाळी झाली की अनेक कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे कॉलेजचं दुसरं सत्र आणि भट्टीचा हंगाम एकाच वेळी येतात. पुढे मी जे सांगणार आहे त्यात हे लक्षात ठेवा.

आता ऑनलाइन अभ्यासाचं. केंद्र सरकारनं जुलै 2017 मध्ये ‘स्वयं’ हे व्यासपीठ सुरू केलं. त्याआधीपासून, 2003 पासून, आयआयटींचा एनपीटीईएल हा उपक्रम होताच. शिकायला फी नाही, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरायचं. 2021 च्या युजीसी नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्याला अशा अभ्यासक्रमांतून घेता येतात आणि त्यांचे गुण पदवीत धरले जातात. म्हणून आमच्या मुलांपैकी नऊ जणांच्या वाट्याला असा एक-एक विषय आला आहे.

या अभ्यासक्रमांचे चार भाग असतात. तज्ज्ञांची व्हिडिओ व्याख्यानं, वाचायचं साहित्य, स्वतःची परीक्षा घेण्यासाठी प्रश्नसंच, आणि शंका विचारायला चर्चामंच. मुलं त्याला फोरम म्हणतात. तिथे विद्यार्थ्यानं प्रश्न लिहायचा, त्याखाली शिकवणाऱ्यांचे सहायक किंवा देशातला दुसरा कुणीही विद्यार्थी उत्तर लिहितो, आणि ते सगळं तिथेच राहतं. गाडीला चार चाकं दिलेली आहेत. आमची मुलं तीन चाकांवर ती ढकलत होती. चौथ्याला कुणी हातच लावला नव्हता.

का, ते एका मुलीमुळे कळलं. कर्जत तालुक्यातल्या कातकरवाडीची आहे, बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. संख्याशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम तिनं घेतला होता आणि चार आठवडे झाले तरी एकही गृहपाठ भरला नव्हता. एनपीटीईएलच्या पद्धतीत गृहपाठाला 25 गुण आणि परीक्षेला 75, आणि दोन्हीकडे किमान गुण मिळाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. आठवड्याची मुदत टळली की तो गृहपाठ गेला. तिनं विषय सोडायचं ठरवलं होतं. विषय सोडला की गुण कमी, गुण कमी की वर्ष अडकलं, आणि वर्ष अडकलेल्या मुलीला वाडीवरून निरोप येतो, की आता भट्टीवर ये, धाकट्यांना सांभाळ.

मी तिची वही मागितली. मागच्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘वजाबाकीचा वर्ग का करायचा? नुसती वजाबाकी का नाही?’

ज्यांचा गणिताशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी सांगते. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगले आहेत याचं माप. ते काढताना प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करतात, त्या वजाबाकीचा वर्ग करतात, त्या वर्गांची सरासरी घेतात आणि शेवटी वर्गमूळ. हजारो मुलं हे सूत्र पाठ करून पास होतात. वर्ग का, हे विचारणारी मुलगी मला एकतीस वर्षांच्या नोकरीत किती वेळा भेटली असेल ते मी बोटांवर मोजू शकते.

मी म्हटलं, हा प्रश्न फोरमवर टाक. ती म्हणाली, “नको बाई. एवढी सगळी बघतील. हसतील मला.”

तिचं काही चुकत नव्हतं. त्या अभ्यासक्रमाला देशभरातून हजारो मुलं बसलेली, सगळं इंग्रजीत. आश्रमशाळेत जिनं उभं राहून प्रश्न विचारला नाही, कारण प्रश्न विचारणारी म्हणजे न समजलेली असा शिक्का बसतो, ती एकदम भारतासमोर कशी विचारणार? तिच्या हातात टॅब नव्हता म्हणून ती गप्प होती असं नाही. फोन होता, नेट होतं.

तर आम्ही काय केलं, तो प्रश्न फळ्यावर घेतला. सहा जण होते त्या दिवशी. आकडे घेतले 4, 6, 8. सरासरी 6. फरक उणे 2, शून्य आणि 2. बेरीज शून्य. पेणचा मुलगा म्हणाला, “कुठलेही आकडे घेतले तरी शून्यच येईल, सरासरीच तशी असते.” मग दुसरीनं सुचवलं, उणे चिन्ह खोडून टाकू. तिला ठाऊक नव्हतं, पण तेही एक मान्य माप आहे, त्याला सरासरी विचलन म्हणतात. मग वर्गाचा हट्ट कशाला? तिथे सहाही जण अडले, आणि मी मुद्दाम काही बोलले नाही. पाऊण तासात हे ठरलं, की आपला प्रश्न खुळा नाही, कारण आपण सहा जण मिळूनही तो सुटत नाही. मग तो फोरमवर टाकायचा.

टाकण्याआधी इंग्रजी करायचं होतं. मोबाइलच्या भाषांतर ॲपमध्ये मराठी वाक्य घातलं. ॲपनं ‘वर्ग’ म्हणजे शाळेतला वर्ग धरला आणि लिहून दिलं, ‘व्हाय डू वुई क्लास द डिफरन्स?’ मुलं इतकी हसली की शेजारच्या खोलीत क्वायरची प्रॅक्टिस चालली होती, तिथून कुणीतरी डोकावून गेलं. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला. ॲपचं इंग्रजी आधी दुसऱ्यानं वाचून परत मराठीत सांगायचं. जमलं तरच पाठवायचं.

प्रश्न कसा लिहायचा हेही तेव्हाच ठरत गेलं. कुठलं व्याख्यान, किती मिनिटांवर अडलो हे आधी. मग मला इथपर्यंत समजलं. मग मी हे करून पाहिलं, आमच्या बाबतीत 4, 6, 8 चं उदाहरण. आणि शेवटी नेमकं काय कळत नाही. ‘सर प्लीज एक्सप्लेन’ एवढंच लिहिणाऱ्याला फोरमवर सहसा उत्तर मिळत नाही, मिळालं तर व्याख्यान पुन्हा पाहा असं मिळतं. आपण किती वाट चाललो ते दाखवलं की पुढची वाट सांगणारा भेटतो.

दोन दिवसांत उत्तर आलं. सहायकानं लिहिलं होतं, की वर्ग केल्यानं सरासरीपासून लांब पडलेल्या आकड्यांना जास्त वजन मिळतं. शिवाय दोन स्वतंत्र राशी एकत्र करताना वर्गांच्या मापाची सरळ बेरीज होते, चिन्ह खोडलेल्या मापाची तशी होत नाही. पण मुलीला खरा आनंद झाला तो त्याखालच्या ओळींचा. तीन वेगवेगळ्या राज्यांतल्या मुलांनी लिहिलं होतं, हीच शंका मलाही होती, विचारल्याबद्दल आभार. तिनं त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या आहेत. पुढचे गृहपाठ तिनं वेळेत भरले. उरलेल्या आठवड्यांतून पुरेसे गुण जमतात, कारण सगळे गृहपाठ धरत नाहीत, त्यातले चांगले तेवढे धरतात. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. निकाल काय लागेल ते मी आज सांगू शकत नाही.

कुणी विचारेल, हे सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर होत नाही का? कॉलेजचे ग्रुप आहेतच. तिथे सकाळी फुलं येतात, मग पीडीएफ, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. प्रश्न टाकला तर दहा मिनिटांत वर सरकून दिसेनासा होतो. आणि मुलींची एक अडचण आहे, ती मी इथे स्पष्टच सांगते. ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो. रात्री अनोळखी मुलांचे मेसेज सुरू होतात. आमच्या दोन मुली त्यामुळेच वर्गाच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या, आणि त्याबरोबर गृहपाठाच्या सूचनाही त्यांना कळेनाशा झाल्या. फोरमवर नाव दिसतं, नंबर दिसत नाही. एका प्रश्नाला एक जागा असते आणि तो महिन्यानंतरही शोधून काढता येतो.

हे ‘महिन्यानंतरही’ फार मोठं आहे आपल्या मुलांसाठी. खालापूरकडचा एक मुलगा जानेवारीत तीन आठवडे आईवडिलांकडे भट्टीवर गेला, वडिलांचा हात दुखावला होता म्हणून. दिवसा विटा थापायच्या. रात्री जिथे रेंज मिळेल तिथे उभं राहून तो फोरमवरची चर्चा वाचायचा. थेट ऑनलाइन तास असता तर तो बुडालाच असता, कारण तास ठरल्या वेळी होतो आणि भट्टी ठरल्या वेळी सुटत नाही. फोरम मात्र थांबून राहतो. परत आल्यावर तो फक्त एका आठवड्यानं मागे होता, आणि ती कसर इथल्या मुलांनी भरून काढली.

पोराच्या वेळेप्रमाणे शाळा, ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत गेल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी गुरं चरतात तिथेच शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरं एकीकडे, पाटी एकीकडे. लॉकडाऊनमध्ये पालघरच्या काही पाड्यांवर लाऊडस्पीकरवरून धडे ऐकवले गेले, तीही त्याच जातीची धडपड. तिथे नेट नव्हतं, आवाज तरी पोचला. पण लाऊडस्पीकर मुलाचा प्रश्न ऐकत नाही. त्यासाठी शेजारी कुणी ताई-दादा बसलेले लागतात. कोसबाडलाही बसणारं माणूस होतंच.

आता गटाबद्दल. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात 1970 च्या दशकात उरी ट्रीझमन नावाच्या गणितज्ञाला एक कोडं पडलं. कलनशास्त्राच्या पहिल्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येनं नापास होत आणि चिनी वंशाची मुलं चांगले गुण मिळवत. प्राध्यापकांची कारणं तयार होती. पाया कच्चा, घरचा पाठिंबा नाही, गरिबी, जिद्द कमी. आपल्याकडे आदिवासी मुलांबद्दल बोलतात तीच यादी. ट्रीझमननी दोन्हीकडची वीस-वीस मुलं घेतली आणि ती अभ्यास कसा करतात ते त्यांच्याबरोबर राहून पाहिलं. यादीतलं एकही कारण टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं मेहनत करत होती, पण एकेकटी, खोलीचं दार लावून. चिनी मुलं आधी एकटी अभ्यास करत आणि संध्याकाळी जेवणानंतर एकत्र बसून उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर त्यांना कळायचं, की गणितच अवघड आहे. एकट्या मुलाला मात्र वाटायचं, की मीच कच्चा आहे.

त्यानंतर ट्रीझमननी जे गट सुरू केले ते ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ म्हणून नव्हते. त्यांनी मुलांना नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली, एकत्र बसवलं, आणि निकाल बदलले. म्हणून आपल्या गटाला मी कधी ‘मदतवर्ग’ म्हणू देत नाही. मागच्या अंकात तसं छापलं गेलं होतं, संपादकांना मी तेव्हाच फोन केला.

सगळं छान चाललं आहे असं मात्र समजू नका. अभ्यासगटाचा नक्कलगट व्हायला दोन आठवडे पुरतात. गृहपाठाची तयार उत्तरं नेटवर फिरत असतात, एकानं आणली की सगळ्यांची भरून होतात. आमच्याकडे उपाय साधा आहे. उत्तर बरोबर असलं तरी ते दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय भरायचं नाही, आणि समजावताना भाषा कुठलीही चालेल. दोन कातकरी मुली आपसांत कातकरीत बोलून गणित सोडवतात तेव्हा मला निम्मं कळत नाही, पण त्यांचं भांडण योग्य जागी चाललं आहे हे कळतं. चॅटबॉटला विचारणारेही आहेत. तो चटकन उत्तर देतो, बऱ्याचदा चांगलंही देतो. पण ‘मलाही हीच शंका होती’ असं तो खरेपणानं म्हणू शकत नाही.

आणि दोघे सोडून गेले. एक ठाकर मुलगा उरणच्या बाजूला गोदामात रात्रपाळीला लागला. महिना पगार घरी जातो, त्याला मी काय सांगणार? दुसरीचं लग्न ठरलं. तिला फोरमवर लिहिता येत होतं, चांगलं लिहीत होती. सासर मुरबाडकडे आहे. तिचा प्रवेश अजून रद्द झालेला नाही, आणि गटातल्या मुली तिच्या फोनवर आठवड्याचे प्रश्न पाठवतात. ती वाचते, एवढं दिसतं.

आता टॅबकडे येते. चौदापैकी बारा जणांकडे स्वतःचा किंवा घरातला फोन आहे. ज्या दोघांकडे नाही त्यांना जरूर द्या. बाकीच्यांसाठी माझं मागणं वेगळं आहे. हॉलमध्ये चांगली ब्रॉडबँड जोडणी घ्या, सध्याची व्हिडिओला पुरत नाही. मुलांना हार्बर लाइनचा पास काढून द्या, कारण तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून येत नाही असं कुणी सांगत नाही, नुसतं येत नाही. एक मोठा फळा हवा, आहे तो संडे स्कूलचा आहे आणि त्यावर रविवारची चित्रं असतात, ती पुसायला जीव होत नाही. आणि हॉल शुक्रवारीही उघडा ठेवा, कारण गृहपाठाची मुदत आठवड्याच्या मध्यावर येते आणि रविवारी पाहिलेलं व्याख्यान बुधवारपर्यंत विसरायला होतं.

याहून मोठी गरज माणसांची आहे. इथे समोर निवृत्त इंजिनिअर दिसतात, बँकेतून निवृत्त झालेले, दोन तरी नर्सिंगच्या सिस्टर. नर्सिंगला असलेल्या आपल्या तिन्ही मुलींना औषधांच्या मात्रांची गणितं अडतात, ती मी शिकवू शकते, पण वॉर्डमध्ये ती कशी वापरतात ते सिस्टरच सांगतील. तुम्ही शिकवायचं नाही. बसायचं, ऐकायचं, आणि मूल अडलं की ‘तू काय करून पाहिलंस?’ एवढं विचारायचं. निवृत्त माणसाला उत्तर न देता बसणं फार अवघड जातं, हे मी स्वतःवरून सांगते. सुरुवातीचे चार बुधवार माझ्याबरोबर बसा म्हणजे अंदाज येईल.

शुक्रवारी हॉल द्यायचा की नाही हे कमिटीनं आज ठरवलं तर बरं, एप्रिलच्या परीक्षेला आठ आठवडे राहिले आहेत. किल्लीची जबाबदारी मी घेते. चहाच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. ज्यांना संध्याकाळी सहा ते आठ बसता येईल त्यांनी त्यात नाव, वार आणि कुठल्या विषयात हात चालतो ते लिहावं. फोन नंबर लिहू नका, वही सगळ्यांच्या हातात जाते. तो मला वेगळा सांगा.